सोलापूर ते स्वालबार्ड: जहाज गाठायचं तर दिवस उलटे मोजा

सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे आणि लाँगइयरब्येन, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरचं मुख्य गाव, ७८ अंश १३ मिनिटांवर. मध्ये साठ अक्षांश, तीन-चार वाहनं, दोन-तीन तिकिटं आणि एक समुद्र. उत्तर ध्रुवाकडच्या क्रूझचा बेत करताना घरात चर्चा होते ती केबिन कोणती घ्यायची आणि अस्वल दिसेल का याची. प्रवास फसतो तो मात्र जहाजाच्या शिडीपर्यंत पोचायच्या आधीच.

भूमध्य समुद्रातली क्रूझ बार्सिलोनाला चुकली तर माणूस धावतपळत मार्सेयला ती गाठू शकतो. स्वालबार्डची एक्स्पिडिशन क्रूझ लाँगइयरब्येनहून सुटते, आठ-दहा दिवस निर्मनुष्य फ्योर्डांमधून (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमधून) फिरते आणि बहुतेक वेळा लाँगइयरब्येनलाच परत येते. मधे गाठायला बंदरच नसतं. तुम्ही चुकलात तर सहल गेली, आणि बॅग चुकली तर ती तुम्ही परत येईपर्यंत विमानतळावरच पडून राहते. म्हणून जहाज सुटायच्या दिवसापासून मागे मोजत यायचं आणि प्रत्येक सांध्याला ढील ठेवायची.

आधी ठरवा, बघायचं काय आहे

"नॉर्दर्न लाइट्स पण दिसतील ना?" हा प्रश्न हमखास येतो. जून-जुलैत अजिबात नाही. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२-२३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही, मग ध्रुवीय प्रकाश दिसणार कुठून? तो बघायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावं. ट्रॉम्सोला मुक्काम करा, किंवा बर्गन ते किर्केनेस या किनारी मार्गाच्या बोटीने जा. ती ३४ बंदरांना थांबते, जाऊन-येऊन १२ दिवस घेते आणि चुकली तर पुढच्या बंदराला गाठता येते. पहिल्यांदाच थंड मुलखात निघालेल्या ज्येष्ठांना आम्ही हीच सुचवतो.

हिमअस्वल, वॉलरस, हिमनद्या आणि समुद्रातला बर्फ पाहायचा असेल तर स्वालबार्डच, आणि पुढचं सगळं त्याबद्दल आहे. जूनमध्ये बर्फ जास्त असतो, डोंगर पांढरे दिसतात, पण काही फ्योर्ड अजून बंद असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ उत्तरेला सरकतो आणि जहाजाला लांबवर जाता येतं. जहाज लहान बघा. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही, आणि उतरायलाही ४३ नेमलेल्या जागाच आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात अस्वल हा पिवळसर ठिपका दिसणार. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण माणशी एक घ्या; जोडप्यात एकच असली की अस्वल दिसल्यावर ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते.

व्हिसा: "डबल एंट्री" हे दोन शब्द विसरू नका

स्वालबार्ड करारामुळे (१९२०) तिथे जायला कोणालाच व्हिसा लागत नाही. हे वाचून काहीजण निर्धास्त होतात. पण सोलापूरहून तिथे जाणारी वाट ओस्लोवरून, म्हणजे शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) जाते, आणि स्वालबार्ड स्वतः शेंगेनमध्ये नाही. ओस्लोला उतरलात ही पहिली एंट्री. लाँगइयरब्येनच्या विमानात बसण्याआधी शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. परत ओस्लोला आलात ही दुसरी. सिंगल एंट्रीचा व्हिसा असेल तर परतीला अडकलात; किमान डबल एंट्री हवी. अर्जात एंट्रीच्या रकान्यात "मल्टिपल" निवडा आणि सोबतच्या पत्रात एका ओळीत कारण लिहा: मी ओस्लोमार्गे स्वालबार्डला जाऊन परत ओस्लोमार्गे येणार आहे. व्हिसा हातात आला की घरी जाण्याआधी त्यावरचा एंट्रीचा आकडा वाचा. "०१" दिसला तर दुरुस्तीसाठी तेव्हाच अर्ज करा.

क्रूझ स्वालबार्डहून ग्रीनलंडला किंवा पुढे आइसलँडला जाणार असेल तर प्रकरण आणखी वेगळं. ग्रीनलंडला साधा शेंगेन व्हिसा चालत नाही. "ग्रीनलंडसाठी वैध" असा स्पष्ट उल्लेख असलेला व्हिसा डेन्मार्ककडून घ्यावा लागतो. त्यामुळे बुकिंग करण्याआधी जहाजाचा मार्ग नकाशावर बोटाने फिरवून पाहा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात युरोपकडे जाणाऱ्यांची गर्दी उसळते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून चार महिने आधी सुरुवात करा. नॉर्वेचा अर्ज आधी ऑनलाइन भरून फी भरायची, मग व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. निर्णय दिल्लीच्या दूतावासात होतो. शेंगेनची फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. तो सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून होतो, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. नाव मात्र तपासा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे असतं आणि तिकिटावर ते गाळलेलं असतं. आडनाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही, अशा गोष्टी आपल्याकडे फार. विमान, जहाज, विमा आणि व्हिसा या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखं हवं.

कागदांत कच्चा दुवा असतो तो पैशाच्या हिशेबाचा. क्रूझचे पैसे मुलाने किंवा भावाने भरलेले असतात आणि अर्जदाराच्या खात्यात त्याचा मागमूस नसतो. ज्याने पैसे भरले त्याचं पत्र, त्याचं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा, मार्केट यार्डातल्या पट्ट्या आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद द्या. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. अशी रक्कम संशयच वाढवते. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर) वाया जात नाही, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पावती जपून ठेवा.

विमा स्वस्तात घेऊ नका

शेंगेनची अट ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याची आहे. ती व्हिसापुरती ठीक. लाँगइयरब्येनचं इस्पितळ छोटं आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोच्या विद्यापीठ इस्पितळात हलवतात, आणि जहाज जिथे असेल तिथून आधी हेलिकॉप्टरने लाँगइयरब्येनला आणावं लागतं. हा खर्च साध्या पॉलिसीला झेपत नाही. म्हणून जहाजकंपन्या रुग्णाला हलवण्याच्या खर्चासाठी विम्यात वेगळी, बरीच मोठी रक्कम मागतात. तो आकडा तुमच्या कंपनीच्या अटींमध्ये शोधा आणि पॉलिसी त्यावर बेता. पॉलिसीत तीन गोष्टी वाचा: समुद्रावरचा आजार धरलाय का, बचावकार्याचा खर्च धरलाय का, आणि स्वालबार्ड वगळलेला नाही ना. बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी झालेली असेल तर लपवू नका. लपवलेला आजार निघाला की विमा कंपनी दावा नाकारते आणि बिल घरच्यांवर येतं.

बऱ्याच जहाजांना डॉक्टरांच्या सहीचा फॉर्मही लागतो. त्यासोबतच डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधांची जेनेरिक नावं आणि मात्रा लिहिलेलं पत्र घ्या. औषधं मूळ पाकिटातच न्या, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा सात दिवसांची जास्त.

वेळापत्रक

समजा जहाज शनिवारी संध्याकाळी पाचला सुटतंय. तर शुक्रवारी लाँगइयरब्येनला मुक्काम, गुरुवारी ओस्लोला मुक्काम. गुरुवारी दुपारी-संध्याकाळी ओस्लोला उतरायचं तर मुंबईचं विमान गुरुवारच्या पहाटेचं. म्हणजे विमानतळावर बुधवारी रात्रीच जायचं. इथे लोक फसतात: तिकिटावर "गुरुवार ०३:५०" असतं आणि घरचे गुरुवारी दिवसभर सामान भरत बसतात, विमान तर कधीच गेलेलं असतं. बुधवारी सकाळी मुंबईत पोचायचं तर सोलापूर मंगळवारी रात्री सोडायचं. मंगळवार ते शनिवार. याहून आवळू नका.

ही ढील उगाच नाही. जहाजांचा मोसम म्हणजे आपला पावसाळा. कर्जत-लोणावळा घाटात दरड आली किंवा सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की सोलापूरची गाडी तासन् तास अडकते. पुढे आखाती देशांचं हवाई क्षेत्र अचानक बंद होऊ शकतं. २३ जून २०२५ ला कतारने ते काही तास बंद केलं आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. नॉर्वेकडे जुलै २०२२ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या वैमानिकांचा संप पंधरा दिवस चालला. आणि लाँगइयरब्येनला धुकं उतरलं की विमान उतरूच शकत नाही, परत फिरतं.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची: रात्री बसायचं, सकाळी मुंबई. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, त्याच दिवशी काढा. वंदे भारत सकाळी निघून दुपारी पोचवते; तीही चालेल, पण मग रात्रीच्या विमानाआधी आराम मिळत नाही. सीएसएमटीला उतरलात तर अॅक्वा लाइन मेट्रो थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत नेते. पावसात टॅक्सीपेक्षा हा भरवसा मोठा आहे. तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. आता नवी मुंबईलाही विमानं सुटतात आणि दोन्ही विमानतळांत पावसाळी संध्याकाळी दोन तास सहज जातात. होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळावरून विमान धरणार असाल तर ते वेगळं तिकीट समजा आणि आदल्या दिवशीचं घ्या. छोट्या विमानात सामानाची मर्यादाही कमी असते.

घाट आणि मुंबईचा पाऊस दोन्ही टाळायचे तर हैदराबाद बघा. राष्ट्रीय महामार्ग ६५ ने गाडीने पाच-सहा तासांत शमशाबादचा विमानतळ येतो, आणि तिथूनही आखात किंवा फ्रँकफर्टमार्गे युरोप गाठता येतो. सोलापूरकरांना ही वाट सुचत नाही याचं नवल वाटतं, कारण भाडं जवळपास तेवढंच पडतं आणि दगदग निम्मी होते.

विमानाची तिकिटं शक्यतो मुंबई किंवा हैदराबादपासून लाँगइयरब्येनपर्यंत एकाच पीएनआरवर काढा. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं देण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण दुसरं विमान चुकलं तर ते तिकीट बुडालं आणि जुलैत ऐनवेळी लाँगइयरब्येनची जागा मिळणं मुश्कील, कारण तिथे रोज मोजकीच विमानं जातात. वेगवेगळीच घ्यावी लागली तर मधे एक रात्र टाका, तास नाही.

ओस्लोचा विमानतळ

शेंगेनमध्ये पहिलं पाऊल जिथे पडेल तिथे पासपोर्ट तपासणी. दोहा, दुबई, इस्तंबूलमार्गे गेलात तर ती ओस्लोला. फ्रँकफर्ट किंवा अॅमस्टरडॅममार्गे गेलात तर तिथे. ईईएस (एंट्री-एक्झिट सिस्टिम) ही येण्या-जाण्याच्या नोंदीची नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे: पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते. मधल्या विमानतळावर दीड तासाचं कनेक्शन कंपनी विकते म्हणून घेऊ नका. तीन तास तरी ठेवा. तपासणी अधिकारी विचारतील: कुठे, किती दिवस, परत कधी. क्रूझचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट कागदावर हातात असू द्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

मुंबईला बॅग देताना टॅगवर शेवटचं विमानतळ कोणतं छापलंय ते वाचा. ओस्लोला रात्र काढणार असाल तर बॅग तिथेच घेणार, प्रश्न नाही. न थांबता पुढे जाणार असाल तर "ओस्लोला बॅग घेऊन कस्टम करून पुन्हा द्यायची का?" हे काउंटरवरच विचारा. टॅगवर पुढचं ठिकाण असूनही बॅग ओस्लोच्या पट्ट्यावर फिरत राहिली असं होतं.

खाण्याचं सामान भरताना लक्ष द्या. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून नॉर्वेत मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, बटाटेही नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची मिठाई, तूप, तुपातले लाडू घरीच. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र या प्रवासाला अगदी जुळते: दूध नाही, पाणी नाही, आठवडाभर टिकते. भाकरी डब्यात उभ्या लावा, नाहीतर मुंबईपर्यंतच चुरा होतो. चटणी दोन पिशव्यांत बंद करा आणि वर इंग्रजीत "पीनट, चिली, गार्लिक, सॉल्ट" लिहा. हे ओस्लोच्या हॉटेलसाठी. जहाजावर बाहेरचं खाणं चालतं का ते विचारून घ्या, आणि स्वालबार्डच्या किनाऱ्यावर उतरताना खिशात शेंगदाणाही नेता येत नाही.

ओस्लोला विमानतळाला लागूनच हॉटेलं आहेत. एका रात्रीसाठी शहरात जायची गरज नाही. जायचंच तर ट्रेनने वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्थानक. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घेऊ नका. रोख पैशांचं काम जवळपास पडत नाही, कार्ड लागतं. चलन क्रोन आहे, युरो नाही. कार्ड मशीनने "रुपयात की क्रोनमध्ये" विचारलं तर क्रोन निवडा, रुपयात दर वाईट लागतो.

दुसऱ्या दिवशी लाँगइयरब्येनचं विमान. थेट असेल तर साधारण तीन तास आणि पासपोर्ट तपासणी ओस्लोलाच. ट्रॉम्सोमार्गे असेल तर तिथे सगळ्यांना उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. तेव्हा पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवा.

हातातली बॅग आणि मोठी बॅग

मोठी बॅग पोचणारच नाही असं धरून हातातली बॅग भरा. त्यात हवं: थर्मलचा एक जोड, फ्लीस, वॉटरप्रूफ पँट, हातमोजे, लोकरी टोपी, दोन जाड मोज्यांचे जोड, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, दुर्बीण, कागद. एवढ्यावर सहल निभते. बॅग आलीच नाही तर शुक्रवारचा मुक्काम कामी येतो: पुढच्या विमानाने ती येऊ शकते, नाहीतर लाँगइयरब्येनच्या दुकानांतून महागात का होईना कपडे घेता येतात. विमानतळ सोडण्याआधी बॅग हरवल्याची तक्रार नोंदवा आणि त्यात जहाजाचं नाव, सुटण्याची वेळ आणि परतीची तारीख लिहा.

मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्यांना जुलैतलं स्वालबार्ड ३ ते ७ अंशांचं ऐकून धडकी भरते आणि मग स्वेटरवर स्वेटर भरले जातात. थंडीपेक्षा ओलं होणं वाईट. उघड्या रबरी बोटीत, म्हणजे झोडियाकमध्ये, वारा आणि शिंतोडे अंगावर येतात. अंगालगत थर्मल (मेरिनो लोकर उत्तम), त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट-पँट. सुती कपडा आत नकोच: बनियन, जीन्स, सुती मोजे भिजले की अंगाची ऊब शोषतात आणि तिथे वाळत नाहीत. सोलापुरी चादर घरीच राहू द्या, जहाज आतून उबदार असतं.

बरीच जहाजं वरचं जाकीट देतात आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरायला देतात. वॉटरप्रूफ पँट मात्र तुमची तुम्हालाच न्यावी लागते आणि तीच नेमकी विसरली जाते. सोलापुरात ती मिळणं अवघड, पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवा. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेली नको. आली की घालून न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. शिवणीतून पाणी आलं तर परत करा. बुटाचं माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या आणि युरोपीय मापात कळवा. पाय लहान असेल तर आधीच लिहा, तुमच्या मापाचे बूट मोजकेच असतात. हातमोजे दोन थरांचे: आत पातळ, ज्यातून कॅमेरा चालवता येईल, बाहेर जाड, पाणी न शिरणारा.

आता एक अगदी सोलापुरी गोष्ट. जहाजावर पहिल्याच दिवशी तुमचे बाहेरचे कपडे, बूट, पिशव्या तपासतात आणि व्हॅक्यूमने साफ करायला लावतात, कारण परक्या वनस्पतीचं बी स्वालबार्डच्या मातीत पडता कामा नये. आपल्या माळरानावर चाललेल्या बुटांत काय काय असतं ते बघा: लेसच्या विणीत अडकलेली कुसळं, तळाच्या खाचांत गोखरूचे काटे, वेल्क्रोत गवताचं फूल, खिशाच्या शिवणीत ज्वारीचा कोंडा. जुने बूट-पाऊच नेणार असाल तर घरीच तासभर द्या. लेस काढा, तळ टूथब्रशने घासा, वेल्क्रो सुईने उकरा, खिसे उलटे करून झाडा. कुसळ डोळ्यांना दिसत नाही. वेल्क्रोवरून बोट फिरवलं की टोचतं.

प्लग नॉर्वेत गोल दोन पिनांचा, २३० व्होल्ट. आपले दोन पिनांचे चार्जर चालतात, तीन पिनांचे नाही. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. थंडीत बॅटरी पटकन उतरते, म्हणून सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. झोपेसाठी डोळ्यांची पट्टी विसरू नका. वेळेचा फरक साडेतीन तासांचाच, पण मध्यरात्री खिडकीत ऊन असतं.

लाँगइयरब्येनचा दिवस

विमान उतरलं की गावात जाणारी बस दारात उभी असते. गाव जॉन लाँगइयर या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये कोळशासाठी वसवलं. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ च्या जूनअखेर बंद झाली. हॉटेलांत आणि संग्रहालयात दाराशी बूट काढायची रीत आहे, आपल्याला ती शिकवावी लागत नाही. फक्त मोजे फाटके नसावेत. गावाच्या हद्दीवर अस्वलाच्या चित्राची पाटी लागली की तिथून मागे फिरायचं. पुढे बंदूकधारी वाटाड्याशिवाय जायचं नाही, फोटोपुरतंही नाही.

शनिवारी सकाळी खोली सोडावी लागते आणि जहाजावर चढणं दुपारनंतर. बॅग हॉटेलच्या सामानखोलीत ठेवता येते का, की जहाजाची गाडी उचलून नेणार, हे शुक्रवारीच विचारा. काही जहाजं धक्क्याला लागतात, काही बाहेर नांगर टाकतात आणि झोडियाकने नेतात. दुसरा प्रकार असेल तर चढण्याच्या वेळीच वॉटरप्रूफ पँट अंगावर हवी.

जहाज सुटण्याआधी घरची कामं उरका. गाव सोडल्यावर बॅरेन्ट्सबर्गसारख्या एक-दोन वस्त्या वगळता मोबाइल नेटवर्क नाही, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. ईएमआय, वीजबिल, मुलांची फी आधीच भरा. जहाजाच्या आत फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल भलतंच येतं. बोलायचं तर जहाजाचं वायफाय विकत घ्या. नी-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीला थांबा असेल तर वायफाय आणि ब्लूटूथही बंद करावं लागतं, कारण तिथली संशोधन उपकरणं अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात. तिथेच भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. वाटाड्याला ते कोणतं घर म्हणून नक्की विचारा.

बोट लागणं आणि बोटीत चढणं

फ्योर्डांच्या आत पाणी शांत असतं. उघड्या समुद्रात किंवा उत्तरेच्या टोकाला वळसा घालताना बोट लागते. गोळी ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. समुद्र खवळण्याआधी तासभर तरी पोटात जायला हवी. कोणती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण प्रोमेथाझिनने गुंगी येते आणि बीपी किंवा प्रोस्टेटच्या औषधांसोबत सगळं चालत नाही. घरीच एकदा घेऊन पाहा. पोट रिकामं ठेवू नका; कोरडी पोळी, आलेपाक, सफरचंद बरं. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली घ्या, हेलकावे सगळ्यात कमी तिथेच. बाल्कनीच्या हौसेपायी वरची घेतलेले लोक पहिल्या रात्री पस्तावतात.

शाकाहाराचं बुकिंगच्या वेळी एकदा आणि जहाज सुटायच्या दीड महिना आधी पुन्हा लिहून कळवा. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहू नका. मासे नाही, अंडं नाही, मांसाचा रस्सा नाही, असं एकेक लिहा. दुकानं वाटेत नाहीत. जहाज जे भरून निघालं तेच शेवटपर्यंत.

झोडियाकमध्ये चढणं हीच या सहलीतली खरी कसोटी, आणि तिची तयारी सोलापुरातच होते. दोन्ही हात मोकळे, कॅमेरा जाकिटाच्या आत, पिशवी पाठीवर. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा धरायचा नाही. मनगटाच्या वर, कोपराखालचा भाग घट्ट पकडायचा, तोही तुमचा तसाच पकडतो. ओल्या हातमोज्यातला पंजा निसटतो, ही पकड निसटत नाही. एक पाय बोटीच्या फुगीर काठावर, दुसरा आतल्या पायरीवर, लगेच बसायचं आणि बसूनच सरकायचं. उभं राहून जागा शोधायची नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. उतरताना काठावर बसून पाय बाहेर टाकायचे आणि पाण्यात हळू उतरायचं. उडी मारली की बुटात पाणी शिरतं आणि पुढचे दोन तास पाय बधिर.

यासाठी तीन महिने आधीपासून सिद्धेश्वर तलावाकाठी रोज पाऊण तास चाला, आठवड्यातून दोनदा जिने चढा-उतरा, आणि घरी एका पायावर अर्धा मिनिट उभं राहायचा सराव करा. खुर्चीला हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठता आलं तर झोडियाक जमेल. नाहीच जमलं तर डॉक्टरांच्या फॉर्मवर आणि जहाजाच्या टीमला स्पष्ट सांगा. ते तुम्हाला शेवटच्या फेरीत, दोन माणसांच्या आधाराने नेतात. न सांगता उतरून घसरणारा माणूस मात्र सगळ्यांचीच फेरी थांबवतो.

परतीला जहाज सकाळी लागतं आणि विमान दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर असतं. ओस्लोला पुन्हा कस्टम आणि पासपोर्ट, दुसरी एंट्री. तिथून मुंबईचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका, एक रात्र थांबा. मुंबईत उतरल्यावर सिद्धेश्वरचं परतीचं तिकीटही त्याच दिवशीचं न काढता दुसऱ्या रात्रीचं काढा.